डिप चमच्याने चाखू नका

त्या दिवशी ऑर्डरमध्ये राइसपेपरचे (तांदळाच्या पातळ पापुद्र्याचे) ताजे रोल, तळलेले स्प्रिंग रोल, वाफवलेले डंपलिंग आणि सते (कांडीला टोचून भाजलेले मांसाचे तुकडे) असे चार पदार्थ होते, आणि प्रत्येकाबरोबर जायचं डिप वेगळं. सकाळी सगळ्यात आधी रोलसाठीचं व्हिएतनामी नुओक चाम झालं. फिश सॉस (मासे मिठात मुरवून काढलेला पातळ सॉस) १ भाग, साखर १ भाग, लिंबाचा रस १ भाग, पाणी ३ भाग. एकूण साधारण दोन लिटर. साखर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवायची, पाणी गार झाल्यावर लिंबू आणि फिश सॉस घालायचे आणि अगदी शेवटी बारीक चिरलेली लसूण व लाल मिरची. या क्रमाने केलं तर लसूण-मिरची वर तरंगते आणि प्रत्येक बुडवणीत थोडीथोडी लागते. गरम पाण्यात लिंबू पिळलं की ताजा वास जातो, नुसता आंबटपणा राहतो.

दुपारी कळलं की एका सहकाऱ्याने ते डिप चमचाभर पिऊन पाहिलं होतं. खारट लागलं म्हणून त्यात जवळजवळ लिटरभर पाणी घातलं होतं. चमच्याने चाखलं तर आता ते खरोखर छान लागत होतं. रोल बुडवून खाल्ला, तर डिप लावलंय की नाही तेच कळेना.

फिश सॉसमध्ये २० टक्क्यांहून जास्त मीठ असतं. वरच्या प्रमाणात केलेल्या डिपमध्ये मीठ चार टक्क्यांच्या जवळ जातं. चवीला बरोबर वाटणाऱ्या सूपमध्ये ते एक टक्क्याच्या आसपास असतं, म्हणून चमचाभर डिप तोंडात घेतलं की खारट लागणारच. पण राइसपेपर गुळगुळीत आणि ओलसर असतो. त्यावर पातळ डिपचा जेमतेम एक थर राहतो. आत बिनमिठाच्या शेवया, सॅलडची पानं, पुदिना, उकडलेली कोळंबी. त्या सगळ्या घासाचं मीठ त्या एका थरानेच पुरवायचं असतं. माझ्या मते डिप करणाऱ्याने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच आहे: डिप किती चिकटतं त्यावर त्याचा खारटपणा ठरतो. पातळ डिप चवीला कडक हवं, दाट डिप सौम्य हवं, आणि चाखायचं ते ज्यात बुडवायचं त्याच पदार्थाबरोबर.

सगळं दुरुस्त करायचं म्हटलं तर लिटरभर जास्तीच्या पाण्यासाठी बाकी तिन्ही घटक पुन्हा घालावे लागले असते आणि चार लिटर डिप झालं असतं. म्हणून निम्मं, म्हणजे दीड लिटर, वेगळं काढलं. त्यात जास्तीचं पाणी अर्धा लिटर. १:१:१:३ या हिशेबाने १६५ मिली लिंबाचा रस, १६५ मिली फिश सॉस आणि तेवढ्याच मापाची, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम, साखर. साखर लिंबाच्या रसातच ढवळून विरघळवली, म्हणजे नवं पाणी घालावं लागलं नाही आणि काही तापवावंही लागलं नाही. उरलेलं सौम्य डिप शेवयांच्या वाडग्यांवर ओतायला वापरलं. तिथे ते बुडवून नाही तर ओतून खाल्लं जातं, त्यामुळे सौम्य असलेलंच चांगलं.

सतेच्या शेंगदाण्याच्या सॉसमध्ये हाच नियम उलट चालतो. अर्धा कप पीनट बटर, पाऊण कप नारळाचं दूध, एक मोठा चमचा थाय रेड करी पेस्ट, एक मोठा चमचा चिंचेचा कोळ, एक मोठा चमचा गूळ. कांडीला हा सॉस भरपूर चिकटतो, त्यामुळे मीठ चाखूनच, तेही शेवटी, कारण करी पेस्टमध्ये मीठ असतंच. पीनट बटरमध्ये पहिले दोन-तीन चमचे पाणी किंवा दूध पडलं की ते सैल होण्याऐवजी आवळून घट्ट गोळा होतं. नवखे इथे घाबरून तेल घालतात. तेल नको. गरम द्रव थोडाथोडा घालत फेटत राहा. काही चमच्यांनंतर गोळा सुटतो आणि सॉस गुळगुळीत होतो. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, म्हणून गॅसवरून उतरवताना हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेवायचा.

तळलेल्या रोलची थाय गोड मिरची चटणी या दोन्हींच्या मधली. एक कप राइस व्हिनेगर, एक कप साखर, अर्धा कप पाणी, सहा लाल मिरच्या, पाच लसूण पाकळ्या, एक छोटा चमचा मीठ. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं उकळायचं. मग एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून घालायचं आणि पुन्हा उकळी आल्यावर एक मिनिटात उतरवायचं. कॉर्नफ्लोअर आधी घालून उकळत ठेवलं तर व्हिनेगरच्या आम्लाने स्टार्च तुटतो आणि घट्ट झालेली चटणी पुन्हा पातळ होते. मग लोक आणखी कॉर्नफ्लोअर घालतात आणि तोंडात पिठूळ चव राहते. फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर टॅपिओका स्टार्च चांगला. कॉर्नफ्लोअरची चटणी काही दिवसांत पाणी सोडते.

या चटणीसाठी चिरून व्हिनेगरमध्ये ठेवलेली लसूण त्या दिवशी हिरवट-निळी झाली होती आणि कुणीतरी ती फेकायला निघालं होतं. ती खराब झालेली नसते. लसूण चिरल्यावर तिच्यातली गंधकाची संयुगं सुटी होतात आणि आम्लात अमिनो आम्लांशी जोडली जाऊन हा रंग धरतात. थंडीत साठवलेल्या लसणीत हे जास्त दिसतं. उत्तर चीनमध्ये तर हिवाळ्यात लसूण व्हिनेगरमध्ये मुद्दाम हिरवी करून खातात. रंग नको असेल तर पाकळ्या आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवाव्यात.

डंपलिंगचं डिप पाच मिनिटांचं: दोन भाग लाइट सोया सॉस, एक भाग चिनी काळं व्हिनेगर, थोडं आलं, आणि वाढताना भाजलेल्या तिळाच्या तेलाचे थेंब. डार्क सोया सॉस रंगासाठी असतो, डिपमध्ये तो जड आणि गोडसर लागतो.

डबे भरताना प्रत्येक डिपवर चिठ्ठी लावली: नुओक चाममध्ये मासे, सतेच्या सॉसमध्ये शेंगदाणे, डंपलिंगच्या डिपमध्ये तीळ, सोया आणि सोया सॉसमधून येणारा गहूसुद्धा. थाय करी पेस्टमध्ये बहुतेक वेळा कोळंबीची पेस्ट असते, त्यामुळे पाकीट वाचल्याशिवाय सतेचा सॉस शाकाहारी म्हणू नये. कच्ची लसूण घातलेलं मिरचीचं तेल उरलं तर ते बाहेर ठेवायचं नाही. तेलाखाली हवा नसते, आम्लही नसतं, आणि तिथे बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावं.