एकविसावे अक्षर

विंडोजवरून नेटवर्कवरच्या लिनक्स सर्व्हरचे सामायिक फोल्डर उघडताना ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असा संदेश आला, की संशय हमखास पासवर्डवर जातो. तो सावकाश पुन्हा टाइप होतो, कॅप्स लॉक तपासले जाते, शेवटी पासवर्ड बदलूनही पाहिला जातो; नावाची अक्षरे मोजावीत हे मात्र कोणाला सुचत नाही. दोहोंपैकी नेमके काय चुकले ते न सांगण्यामागे सुरक्षेचे कारण आहे, हे मान्य. पण त्याची किंमत प्रामाणिक माणसालाच मोजावी लागते.

विंडोजवर स्थानिक खात्याचे नाव २० अक्षरांपलीकडे जात नाही, तर लिनक्सवर ते सहसा ३२ अक्षरांपर्यंत चालते. (जुन्या युनिक्सचा संसार ८ अक्षरांत आटोपत असे, लिनक्सवरची, चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी ‘पीएस’ ही कमांड त्याच सवयीने आजही लांब नाव कापून पुढे अधिकचे चिन्ह लावते.) त्यामुळे नाव, मधले नाव आणि आडनाव टिंबांनी जोडून लिनक्सवर हौसेने काढलेले खाते विंडोजवर त्याच रूपात निघत नाही, तिथे त्याच माणसाला आखूड नाव घ्यावे लागते, आणि लिनक्सच्या सर्व्हरकडे विंडोज आपणहून पाठवते ते हेच आखूड नाव.

सर्व्हरवरच्या सांबाला, म्हणजे लिनक्सवरची फोल्डर विंडोजला उघडून देणाऱ्या प्रणालीला, या नावाचे कोणी सापडत नाही. तिने सरळ नकार दिला तर बरेच म्हणायचे. पण डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांत सांबाच्या तयार कॉन्फिगरेशनमध्ये ‘मॅप टू गेस्ट’ या सेटिंगचे मूल्य ‘बॅड युजर’ असते, म्हणजे अनोळखी नावाला पाहुणा समजून आत घेतले जाते. फोल्डर पाहुण्यांना खुले असेल, आणि विंडोजनेही पाहुणा म्हणून जाणे रोखलेले नसेल, तर ते उघडते, फायली दिसतात, वाचताही येतात. सेव्ह करायला गेले की परवानगी नाकारली जाते. मग माणूस तासन्‌तास फोल्डरच्या परवानग्या तपासत बसतो, आणि त्या तर पहिल्यापासून बिनचूक असतात. सांबाची लॉग लेव्हल, म्हणजे नोंदी किती तपशिलाने ठेवायच्या ती पातळी, वाढवली, की क्लायंटने कोणते नाव पाठवले ते लॉगमध्ये दिसते. पहिली नजर तिथेच टाकावी.

लिनक्सवरचे नाव छाटण्यापेक्षा मला ‘युजरनेम मॅप’ची, म्हणजे कोणते नाव कोणाचे ते सांबाला सांगणारी, फाइल अधिक सोयीची वाटते: डावीकडे लिनक्सचे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे विंडोजचे. नाव बदलले असते तर होम डिरेक्टरी, स्क्रिप्ट आणि सांबाच्या खात्यांची वेगळी यादी हे सारेच निस्तरावे लागले असते.