मिशन ट्रिपवरचा दिवस: पाणी, दुभाषी आणि यजमान मंडळी

परदेशी मिशन ट्रिपची, म्हणजे ख्रिस्ती सेवेसाठीच्या दौऱ्याची, तयारी करताना टीमचं लक्ष बहुधा संदेश, गाणी आणि साक्ष (स्वतःच्या विश्वासाचा अनुभव सांगणं) यांवर असतं. तिथे पोचल्यावर दिवसाचे कितीतरी तास पाणी भरण्यात, कपडे धुण्यात, गाडीची वाट पाहण्यात आणि दुभाषी वाक्य पुरं करेपर्यंत थांबण्यात जातात. या तासांची तयारी नसेल तर सगळा भार यजमान मंडळीवर, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चवर, पडतो. पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) घरच्या बायका पाहुण्यांसाठी पाणी उकळत बसतात, मंडळीतली तरुण मुलं स्वतःचा रोजगार बुडवून टीमबरोबर फिरतात. आपलं रोजचं ओझं आपण उचलणं हा सेवेचाच भाग आहे आणि तो प्रचाराच्या आधी येतो, असं माझं ठाम मत आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. पर्यटक व्हिसावर धार्मिक किंवा स्वयंसेवी काम अनेक देशांत चालत नाही, मग ते बिनपगारी का असेना. व्हिसाचा योग्य प्रकार कोणता हे वकिलातीला विचारा आणि यजमान मंडळीचं निमंत्रणपत्र जोडा. चुकीच्या व्हिसावर आलेल्या टीमची चौकशी झाली तर पाहुणे विमानात बसून निघून जातात, तिथल्या मंडळीला मात्र त्याच अधिकाऱ्यांसमोर राहायचं असतं. पीतज्वराची लस लागणार असेल तर ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र तेव्हापासून ग्राह्य धरलं जातं. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. औषधं मूळ वेष्टणात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. काही देशांत कोडीनसारख्या वेदनाशामकांवर कडक निर्बंध आहेत.

उष्ण प्रदेशात दिवस लवकर सुरू करावा लागतो. साडेपाचला उठणं, अर्धा तास ज्याचं त्याचं शास्त्रवाचन आणि प्रार्थना, मग टीमचं एकत्र मनन, न्याहारी, आणि साडेसातपर्यंत कामाला हात. बारा ते तीन उन्हाची वेळ. तेव्हा विश्रांती घ्यायची. ती कोणी आळस समजू नये. प्रभू येशूनेही दमून परतलेल्या शिष्यांना एकांतात विसावा घ्यायला सांगितल्याचं बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. विषुववृत्ताजवळ वर्षभर संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. त्यामुळे अंघोळ, पाणी भरणं आणि मच्छरदाणी लावणं उजेडातच उरकावं. डोक्याला बांधायचा टॉर्च प्रत्येकाकडे हवा. वीज गेल्यावर दोन्ही हात मोकळे राहतात.

आता पाणी. टीम आजारी पडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे आणि हातांमुळे. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर पूर्ण १ मिनिट उकळायचं. २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. इंधन महाग किंवा दुर्मीळ असेल तर क्लोरीन वापरता येतं. ५ ते ६ टक्क्यांचं, वास किंवा रंग न घातलेलं घरगुती ब्लीच लिटरला २ थेंब टाकून ढवळायचं आणि ३० मिनिटं थांबायचं. शेवटी पाण्याला क्लोरीनचा हलका वास यायला हवा. येत नसेल तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून आणखी १५ मिनिटं थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून, कापडातून गाळून घ्यावं आणि थेंब दुप्पट करावेत, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. ब्लीचची बाटली जुनी असेल तर तिची ताकद उतरलेली असते. म्हणून वासाची परीक्षा चुकवायची नाही.

इथे चुका ठरलेल्या असतात. शुद्ध पाण्याच्या भांड्यात कोणीतरी हाताचा पेला बुडवतो. दात घासायला नळाचं पाणी घेतलं जातं. बाटली शुद्ध पाण्याने भरतात, पण तिचं झाकण साध्या पाण्यात विसळतात. उपाय म्हणजे तोटी असलेलं झाकणबंद भांडं आणि त्याची जबाबदारी रोज नाव लावून दोघांना देणं. ‘सगळे मिळून बघू’ म्हटलं की कोणीच बघत नाही. वापरण्याच्या पाण्याचाही हिशेब करा. २० लिटरचा कॅन भरला की २० किलोचा होतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो बायका आणि मुली दुरून डोक्यावर आणतात. एका बादलीत अंघोळ होते. पाहुण्यांनी दोन बादल्या वापरल्या तर दुसरी कोणी आणली हे माहीत असायला हवं. टीमने स्वतः खेपा घालाव्यात, आणि जमेल तेव्हा यजमानांच्या वाट्याच्याही.

जुलाब झालेच तर १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर धोका, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, म्हणून चमचा सपाट करूनच मोजावा. तयार ओआरएसची पाकिटं बरोबर असतील तर उत्तम. रक्त पडत असेल, ताप असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

जेवणाबाबत लूकच्या दहाव्या अध्यायातली सूचना सरळ आहे: पुढे वाढलेलं खावं. गरम वाढलेलं, नुकतं शिजवलेलं अन्न जवळजवळ कुठेही निर्धास्त खाता येतं. कच्च्या पालेभाज्या, बर्फ आणि आधीच सोललेली फळं टाळावीत. अॅलर्जी असेल तर ती यजमानांना पोचण्याआधी कळवा, पानावर बसल्यावर नाही. आणि ताटात थोडंच घ्या. पाहुण्यांसाठी घरातलं सर्वांत चांगलं काढलेलं असतं, आणि बऱ्याच घरांत पाहुण्यांनंतर उरलेल्यावर मुलं जेवतात.

मलेरियाच्या प्रदेशात गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरतात, पण वेळापत्रक टीमप्रमुखाला पाठ हवं. डॉक्सीसायक्लिन जाण्याच्या १-२ दिवस आधी सुरू होतं आणि परतल्यावर ४ आठवडे चालतं. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवस. डॉक्सीसायक्लिन घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकून जळजळ होते. त्यावर ऊनही जास्त लागतं, म्हणून टोपी आणि लांब बाह्या हव्यात. सनस्क्रीन आधी, डासांचं मलम नंतर. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली आणि अंगापासून दूर हवी, कारण टेकलेल्या जाळीतूनही डास चावतो. आफ्रिकेच्या काही भागांत एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. तिथे बाहेर वाळवलेला प्रत्येक कपडा, आतले कपडे आणि शिवणींसकट, कडक इस्त्री करूनच घालायचा.

टीम बांधकामाला लागली तर उत्साहापेक्षा शिस्त महत्त्वाची. साध्या काँक्रीटला १ भाग सिमेंट, २ भाग वाळू, ४ भाग खडी हे जुनं प्रमाण चालतं. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे फावडं सहज फिरावं म्हणून पाणी वाढवणं. त्याने काँक्रीट कायमचं कमजोर होतं. घातलेलं काँक्रीट किमान ७ दिवस ओलं ठेवावं लागतं, आणि टीम त्याआधीच निघणार असेल तर पाणी कोण मारणार हे ओतण्यापूर्वी ठरवा. ओलं सिमेंट कातडी जाळते, हातमोजे आणि बूट हवेतच. कामाचा प्रमुख तिथलाच गवंडी असावा. गावात मजुरी शोधणारी माणसं असताना आपण त्यांचं काम हिरावून तर घेत नाही ना, हा प्रश्न पाळकांना आधीच विचारलेला बरा.

संदेश देणाऱ्यांनी वेळेचा हिशेब निम्मा धरावा. ३० मिनिटांत दुभाष्यासह १५ मिनिटांचंच बोलणं होतं. एक पूर्ण विचार, एक छोटं वाक्य, मग थांबा. अर्धं वाक्य देऊन थांबलात तर दुभाष्याला क्रियापद कुठे जाणार हेच कळत नाही. यमकं, शब्दखेळ, आद्याक्षरांवर बांधलेले मुद्दे सोडून द्या. बायबलमधले संदर्भ आदल्या संध्याकाळी दुभाष्याला लिहून द्या. वचन त्याने स्वतःच्या भाषेतल्या बायबलमधूनच वाचावं, तिथल्या तिथे भाषांतर करू नये. क्रमांकही तपासा: रशियन सिनोडल भाषांतरात आपलं २३ वं स्तोत्र २२ व्या क्रमांकावर आहे. नजर दुभाष्याकडे नको, ऐकणाऱ्यांकडे ठेवा. आणि त्याला पाणी द्या, मध्ये विसावा द्या. दिवसभर तो प्रत्येक माणसाचं बोलणं दोनदा वाहतो, आणि आपण त्याला फार लवकर विसरतो.

मुलांबाबत तडजोड नको. कोणत्याही मुलाबरोबर टीममधली एकटी व्यक्ती कधीही नसावी. कायम दोन प्रौढ, आणि इतरांना दिसेल अशा जागी. पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नाही, आणि नाव-गाव जोडून फोटो कुठेही टाकायचा नाही. अनाथाश्रमात आठवड्याभरासाठी येणारे पाहुणे मुलांना जीव लावतात आणि निघून जातात. दर टीमबरोबर तेच पुन्हा घडतं आणि ते मुलांना इजा करतं. तिथे जायचंच असेल तर स्वयंपाकघर, धुणं, डागडुजी अशी कामं घ्या, म्हणजे रोजच्या सांभाळणाऱ्या माणसांना मुलांसाठी जास्त वेळ मिळेल. पैसे, कपडे, खाऊ हातोहात वाटू नयेत. जे द्यायचं ते मंडळीच्या वडिलांकडे, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांकडे द्या, गरज कुणाची हे त्यांना ठाऊक असतं. ‘पुढच्या वर्षी येतो’, ‘फी पाठवतो’ अशी वचनं तर मुळीच नकोत.

रात्री अर्धा तास टीम एकत्र बसते: आज काय झालं, कुणाला काय जड गेलं, उद्या काय बदलायचं. वाद याच वेळी मिटवावेत. थकवा, अपुरी झोप आणि एकच स्नानगृह यांतून उठलेली कुरबुर दोन दिवस दाबून ठेवली की ती कामात उतरते. खर्चाची रक्कमही याच वेळी दोघांनी मिळून मोजून वहीत लिहावी.

परतल्यावर मलेरियाच्या गोळ्यांचा राहिलेला क्रम पुरा करावा. घरी आल्यावरच तो सर्वाधिक सुटतो. पुढच्या काही महिन्यांत केव्हाही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं आणि डॉक्टरांना देशाचं नाव व तारखा न विचारताच सांगाव्यात.