मॅप फाइल कुठंय?

रात्री पावणेबाराला शिफ्ट इन्चार्जचा फोन आला. "चलन निघत नाहीये, गेटवर नऊ गाड्या उभ्यात." मी पोचेपर्यंत गाड्या बारा झाल्या होत्या आणि आमचा एचपी-यूएक्सचा (एचपीची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हर मेलेला. सिस्टिम बोर्ड गेला होता. नवा पार्ट दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता.

डेटा मात्र सुखरूप होता. तो सर्व्हरच्या पोटात नव्हता, बाहेरच्या स्टोरेजवर होता. शेजारच्या रॅकमध्ये जुनं स्टँडबाय मशीन होतं, त्यावर एचपी-यूएक्सची तीच आवृत्ती, ११आय व्हर्जन वन, आणि तेच ऑरॅकल, म्हणजे आमचा डेटाबेस. (एक मशीन पडलं की दुसरं आपोआप काम उचलतं, त्या क्लस्टरचं कोटेशन दोनदा वर जाऊन परत आलं होतं, तो विषय वेगळा.) म्हणजे स्टोरेजच्या डिस्क इकडे दाखवायच्या, व्हीजीइम्पोर्ट कमांड मारून त्यांचा गट, म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप, या मशीनच्या ओळखीचा करायचा आणि उठवायचा. अर्ध्या तासाचं काम.

स्टोरेजच्या पोराला आधी सांगितलं, मेलेल्या मशीनची नावनोंदणी काढ आणि मगच इकडे दे. ते मशीन उद्या पार्ट बसल्यावर कुणी चुकून उठवलं आणि दोघांनी एकाच डिस्कवर लिहायला घेतलं, तर रडायलाही काही उरणार नाही.

मग इम्पोर्टला लागणारी मॅप फाइल, म्हणजे ग्रुपमधल्या भागांचे नंबर आणि नावं यांची यादी, शोधायला बसलो आणि घाम फुटला. मॅप फाइल रोज बनत होती. मीच क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) टाकलं होतं, रोज रात्री एक वाजता व्हीजीएक्सपोर्टचा प्रिव्ह्यू, म्हणजे ग्रुपला हात न लावता नुसती यादी. आणि फाइल जात होती त्याच मशीनच्या टेम्प डिरेक्टरीमध्ये. घराची दुसरी किल्ली घरातच खुंटीला टांगण्यातला प्रकार.

एचपी-यूएक्समध्ये ही फाइल का लागते, तर लॉजिकल व्हॉल्यूमचं, म्हणजे ग्रुपमधून कापलेल्या एकेका भागाचं, नाव डिस्कवर नसतंच. डिस्कला फक्त नंबर माहीत: पहिलं, दुसरं, तिसरं. आपण दिलेलं नाव राहतं स्लॅश डेव्ह डिरेक्टरीतल्या डिव्हाइस फाइलला, म्हणजे मेलेल्या मशीनच्या रूट डिस्कवर. मॅप फाइल न देता इम्पोर्ट केलं की सगळ्यांची नावं एलव्हॉल१, एलव्हॉल२ अशी सरळ येतात. आमच्याकडे नऊ होती. पाचांवर फाइल सिस्टिम, चार कच्ची, म्हणजे फाइल सिस्टिमशिवाय, थेट ऑरॅकलसाठी.

आधी डिस्क ओळखल्या. इकडे नव्याने दिसलेल्या डिस्कवर एकेक करून एक्सडी (डिस्कवरचे बाइट दाखवणारी कमांड) चालवलं: ८२०० बाइट सोडून पुढचे १६ बाइट हेक्समध्ये दाखव. चार आकडे येतात. पहिले दोन त्या डिस्कची ओळख, पुढचे दोन व्हॉल्यूम ग्रुपची. आठ ओळी आल्या, पण डिस्कच्या ओळखी चारच, प्रत्येक दोनदा. म्हणजे चार डिस्क, दोन-दोन वाटांनी दिसतायत. ग्रुपची ओळख आठही ठिकाणी एकच. त्यातला शेवटचा आकडा म्हणजे ग्रुप जन्मला ती वेळ. काही गरज नव्हती, तरी तो एडीबी नावाच्या डीबगरला देऊन तारीख काढली. २००४ मधली एक दुपार निघाली. कुठल्या मशीनवर जन्मला, कधी जन्मला, सगळं डिस्कला पाठ. नावं तेवढी नाहीत.

रात्री दीडला काकांना फोन केला. आमचे निवृत्त सीनियर. शिव्या अपेक्षित होत्या, पण ते म्हणाले, "लाल फाइल बघ. कपाटात, बिलांच्या खाली."

फाइलमध्ये त्या ग्रुपच्या डिरेक्टरीच्या लिस्टिंगचा प्रिंटआउट चिकटवलेला होता. नाव आणि समोर मायनर नंबर, ज्यातून व्हॉल्यूमचा नंबर कळतो, सात ओळी. आठवी आणि नववी नंतर पेन्सिलने लिहिलेली: आठ स्टॉक डेटा, नऊ स्टॉक इंडेक्स. पुढे काकांचंच प्रश्नचिन्ह.

हाताने मॅप फाइल लिहिली. पहिल्या ओळीत ग्रुपची ओळख, खाली नंबर आणि नाव, सातांची. आठ आणि नऊला एलव्हॉल८, एलव्हॉल९ असंच ठेवलं. ग्रुपची डिरेक्टरी बनवली, एमकेनॉड कमांडने मेजर नंबर ६४ आणि दुसऱ्या ग्रुपने न घेतलेला मायनर नंबर देऊन त्यात ग्रुप नावाची डिव्हाइस फाइल केली, आधी प्रिव्ह्यू, मग खरं इम्पोर्ट. ग्रुप उठला. फाइल सिस्टिमचे अर्धवट राहिलेले लॉग एफएससीके या तपासणीच्या कमांडने दोन मिनिटांत मिटवले.

आता आठ आणि नऊ. दोन्ही ४ जीबी, बाहेरून जुळी. डीडी कमांडने दोघांचे सुरुवातीचे थोडे ब्लॉक नुसते वाचले आणि वाचता येणारी अक्षरं वेगळी करणाऱ्या स्ट्रिंग्जमधून काढले. ऑरॅकल फाइलच्या हेडरमध्ये टेबलस्पेसचं, म्हणजे ती फाइल डेटाबेसच्या ज्या कप्प्याची असते त्याचं, नाव लिहितं. आठमधून इंडेक्सचं नाव निघालं. पेन्सिल उलटी होती! तशीच नावं दिली असती तरी ऑरॅकलने हेडर बघून फाइल नाकारली असती, डेटा गेला नसता. पण रात्री अडीचला ती एरर वाचून मी काय काय करत सुटलो असतो, ते सांगता येत नाही.

नावं बदलली, डेटाबेस सुरू केला, तरी तो फाइल उघडेना. पंधरा मिनिटं वायरिंगवर संशय घेत बसलो. इम्पोर्टने बनवलेल्या डिव्हाइस फाइल रूटच्या मालकीच्या असतात, हे विसरलोच होतो. चोन कमांडने मालकी ऑरॅकलला दिली, उघडला.

पहिलं चलन तीन वाजून दहा मिनिटांनी निघालं. गेटवरच्या ड्रायव्हरनी चहा पाठवला, तो पिता पिता मी या मशीनच्या क्रॉनमध्ये तीच ओळ बदलून टाकली: मॅप फाइल आता दुसऱ्या मशीनवरही जाते. आणि नऊच्या नऊ ओळींचा नवा प्रिंट काढून लाल फाइलमध्ये चिकटवला. काकांचं पेन्सिलवालं पान खालीच ठेवलंय, फाडवलं नाही.