नाव, वय, राहणार

त्याने माझं नाव वाचलंच नाही.

दारातल्या माणसाने पासपोर्ट घेतला, फोटोचं पान उघडलं, जन्मतारीख पाहिली आणि परत दिला. अठरा वर्षं पूर्ण झालीत की नाही, एवढंच त्याला हवं होतं. नोंदवही नाही, झेरॉक्स नाही, कुठे उतरलात म्हणून विचारणं नाही. मी कॉफीशॉपमध्ये, म्हणजे इथल्या गांजा विकणाऱ्या दुकानात, आत जाऊन खिडकीपाशी बसले, पुदिन्याचा चहा सांगितला, आणि चहा समोर आला तरी माझे हात थरथरत होते.

बाहेर ॲमस्टरडॅमचा पाऊस, सायकली, ट्रामची घंटा. कुणाला कशाचं काही नव्हतं. मला मात्र तेव्हापासून आत काहीतरी कुरतडतंय, म्हणून लिहायला बसलेय. या प्रवासात रडायचं नव्हतं. ठरवून एकटी आले. आईला ट्यूलिप बघायला जातेय म्हणून सांगितलं होतं, आणि ट्यूलिप बघितलेही. ते सुंदर होते. त्यांच्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

हेवा वाटला मला. ते आधी लिहून टाकते.

शेजारच्या टेबलावर विशीतली दोन मुलं बसली होती. कागदात गांजा भरत होती, आजी दुपारी वाती वळत बसते तशी, गप्पा मारता मारता. एकाने खिशातून तंबाखूचं पाकीट काढलं तशी काउंटरवरची बाई उठून आली आणि तंबाखू इथे चालणार नाही म्हणून बजावून गेली. २००८ पासून हॉटेलांत, बारमध्ये तंबाखू ओढायला बंदी आहे, ती कॉफीशॉपलाही लागू. गांजा चालेल, तंबाखू मिसळलेला नाही. दारू तर तिथे मिळतच नाही. मुलाने पाकीट मुकाट्याने खिशात घातलं. बोलणी खाल्ली ती तंबाखूपायी. मी त्याच्याकडे बघतच राहिले. दादा तेव्हा एवढाच होता.

पेपरातली ती बातमी मला अजून पाठ आहे. 'गांजा बाळगल्याप्रकरणी युवक ताब्यात.' खाली दादाचं नाव, मधे बाबांचं नाव, मग आडनाव. वय. राहणार, आणि पुढे कॉलनीसकट पत्ता. पुडी केवढी होती ते कुठेच नव्हतं. चार ओळींची बातमी. त्या दिवशी बाबा दूध आणायला गेले नाहीत. नंतरही...

जाऊ दे ते.

कायदा मी तेव्हापासून वाचत आलेय, आमच्या घरात सगळ्यांनाच तो पाठ झालाय. १९८५ चा एनडीपीएस, अमली पदार्थांविरुद्धचा. १ किलोपर्यंतचा गांजा म्हणजे त्यांच्या भाषेत 'अल्प मात्रा', शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दादाजवळ होती ती पुडी मुठीत मावणारी. जामीन लगेच झाला. वकीलकाका म्हणाले, किरकोळ केस आहे, काळजी करू नका. किरकोळच आहे ती. फक्त संपत नाही. तारीख पडते, पंच येत नाहीत, पुढची तारीख पडते. नोकरीचं पत्र आलं होतं, पोलीस पडताळणीत ते गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. गांजाने त्याचं काय वाईट झालं असतं मला माहीत नाही, त्याने तो पुढे कधी ओढलाही नाही. जे वाईट झालं ते नाव लिहिलं गेल्यामुळे झालं. हे मी इतकी वर्षं मनात म्हणत आलेय आणि प्रत्येक वेळी वाटत आलंय की बहीण आहे म्हणून मला तसं वाटतं.

आणि इथे येऊन कळतंय की एका देशाने हेच आपलं धोरण म्हणून मांडलं. १९६८ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारने अमली पदार्थांवर समिती नेमली. पीटर बान हे तिचे अध्यक्ष, अहवाल १९७२ चा. मग १९७६ मध्ये अफूच्या कायद्यात दोन याद्या झाल्या. एकीत हेरॉइन-कोकेन, दुसरीत गांजा-हशीश. विचार असा की गांजा ओढणारं पोर हेरॉइन विकणाऱ्याच्या दारात जाऊ नये, म्हणून दोन्ही बाजार वेगळे ठेवायचे. आणि दुसरा विचार, जो वाचताना मी थांबले, तो हा की कोवळ्या वयात खटला आणि गुन्ह्याची नोंद मागे लागली तर तिचा अपाय त्या गांजापेक्षा मोठा ठरतो. कुणाच्याही बहिणीला सांगावं लागलं नाही त्यांना.

विक्री आजही कायद्याने गुन्हाच आहे, हे मला इथे यायच्या आधी नीट माहीत नव्हतं. मला वाटायचं सगळं खुलं आहे. तसं नाही. सरकारी वकिलांच्या खात्याने लिहून ठेवलंय की कॉफीशॉपने अमुक नियम पाळले तर कारवाई करायची नाही. जाहिरात करायची नाही. हेरॉइन-कोकेनसारखं काही ठेवायचं नाही. शेजाऱ्यांना त्रास नको. अठराच्या आतल्याला आत घ्यायचं नाही. एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या वर द्यायचं नाही आणि दुकानात ५०० ग्रॅमच्या वर साठा ठेवायचा नाही. म्हणून तर त्याने माझी जन्मतारीख बघितली. माझ्यासारख्या परदेशी पाहुणीला तर खरं म्हणजे तिथे प्रवेशच नाही. २०१३ पासून नियम आहे की गिऱ्हाईक नेदरलँड्सचं रहिवासी हवं, फक्त तो किती कडक पाळायचा ते गावागावावर आहे. ॲमस्टरडॅम पाळत नाही. मास्ट्रिख्तला गेले असते तर दारातूनच परतले असते. आणि ॲमस्टरडॅममध्येही सगळं चालतं असं नाही. लाल दिव्यांच्या जुन्या वस्तीत मे २०२३ पासून रस्त्यावर गांजा ओढायला बंदी आहे, दंड १०० युरो. तिथल्या लोकांना रात्री झोप मिळत नव्हती.

काणाडोळा आपल्याकडेही असतो. २०१५ च्या कुंभात आईबरोबर नाशिकला गेले होते. घाटावर साधूंच्या चिलमी धगधगत होत्या, समोर पोलीस बंदोबस्ताला उभे, भाविक पाया पडत होते. मीही पडले. तेव्हा मनात काही आलं नाही, कारण दादाचं अजून व्हायचं होतं. आता येतं. आपला काणाडोळा कुठे लिहिलेला नसतो. कुणाकडे बघायचं आणि कुणाकडे नाही, हे समोरचा माणूस त्या क्षणी ठरवतो. दादाकडे बघितलं गेलं. नियम लिहिलेला असता, वाईट का असेना, तर त्याला निदान कळलं असतं की आपण कुठल्या रेषेच्या पलीकडे गेलो.

आपल्याकडे हा विचार कुणी केलाच नाही असंही नाही. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने भांग-गांजा-चरसासाठी आयोग नेमला होता. हजारावर साक्षीदार, ३,००० च्या वर पानं. १८९४ मध्ये निष्कर्ष दिला की माफक सेवनाने म्हणण्यासारखा अपाय होत नाही आणि सरसकट बंदीची गरज नाही. ती पानं पडून राहिली. मला राग येतो ते वाचलं की. कुणावर, ते कळत नाही.

त्या दुकानात मी काही विकत घेतलं का, ओढलं का, ते इथे लिहीत नाहीये. मेन्यूकार्डावर हशीशच्या यादीत मोरोक्को होतं, नेपाळ होतं आणि 'मनाली' होतं, एवढं लिहिते. मनाली बघून घशात आवंढा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते त्याहून वाईट. मी जिथे उतरलेय त्या आजी नाश्त्याला पेपर वाचत असतात. मला डच येत नाही, पण एका बातमीत एक नाव दिसलं आणि पुढे नुसतं अक्षर आणि टिंब. मी विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, पकडलेला माणूस आहे, आमचे पेपर आरोपीचं पूर्ण आडनाव छापत नाहीत, पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर, बस. का? त्यांना प्रश्नच समजला नाही. म्हणाल्या, अजून खटला कुठे झालाय? आणि झाला तरी त्याला पुढे जगायचं आहे ना.

मी पाव तसाच ठेवून वर खोलीत आले. दार लावून घेतलं. काय काय मनात आलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आमच्याच वाट्याला का, हे आलं. बाबांचं नाव तरी गाळायचं होतं, हे आलं. इतक्या लांब येऊन मी काय शोधतेय, हेही आलं. दिवसभर बाहेर पडले नाही.

मग ब्रेडा नावाच्या शहरात गेले. खरं तर त्या दिवशी देन हाखला, म्हणजे आपल्या हेगला, जायचं होतं, पण ब्रेडाबद्दल वाचलं होतं आणि गाडी सरळ होती. कॉफीशॉपच्या पुढच्या दाराने गांजा विकला तर काणाडोळा, पण तोच माल मागच्या दाराने दुकानात येतो तो मात्र धडधडीत गुन्हा, अशी इथली पन्नास वर्षांची गाठ आहे. पिकवणारा गुन्हेगार, आणणारा गुन्हेगार, विकणारा कर भरणारा दुकानदार. ती सोडवायला आता दहा नगरपालिकांत सरकारी प्रयोग चालू आहे. ब्रेडा आणि टिलबर्ग इथे तो १५ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला. परवाना दिलेल्या शेतकऱ्यांनीच पिकवायचं, बियाण्यापासून गिऱ्हाइकापर्यंत प्रत्येक पाकिटाचा हिशोब.

दुकान लहान होतं, स्वच्छ. माल सीलबंद पाकिटांत, वर नशा आणणाऱ्या घटकाची टक्केवारी छापलेली. काउंटरवरचा माणूस पन्नाशीचा असेल, दुपारची वेळ, गर्दी नव्हती, त्याला बोलायला वेळ होता. मी मागच्या दाराचं विचारलं. तो म्हणाला, पूर्वी एक जण दिवसातून कितीतरी वेळा पिशवी घेऊन यायचा, कारण तेव्हा ५०० ग्रॅमच्या वर दुकानात ठेवता येत नव्हतं आणि शनिवारी तेवढं दुपारीच संपायचं. साठा दुसरीकडे कुठेतरी, आणि ने-आण त्या पिशवीवाल्याच्या अंगावर. चांगला माणूस, म्हणाला. मुलीच्या शाळेची वेळ सांभाळून यायचा.

मी विचारलं, मग आता? आता तर सगळं रीतसर झालंय, तो कुठल्या परवानाधारकाकडे लागला असेल.

तो म्हणाला, कसा लागेल? एकदा सापडला होता. सरकार सगळ्यांची पार्श्वभूमी तपासतं.

हे ऐकल्यावर मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाहीये. दुःख झालं, पण त्या दुःखात कालपासूनचा पीळ सैल झाला. मला वाटत होतं की एक देश असा आहे जिथे कुणाचं नाव लिहिलं जात नाही आणि आपण मात्र त्याच्या बाहेर जन्मलो. तसा देश नाही. इथेही कुणीतरी मागच्या दारात उभं असतं, आणि पुढच्या दारातला निवांतपणा त्याच्या जिवावर चालतो. ती दोन मुलं वाती वळत बसली होती त्यांच्यासाठी कुणीतरी पिशवी घेऊन पावसात आलं असणार. त्या माणसाच्या मुलीलाही कधीतरी शाळेत कुणी विचारलं असेल. तिला एखादी आत्या असेल.

हेवा गेला असं नाही. आद्याक्षराचा हेवा राहीलच, तो मी सोडणार नाही. ते आपल्याकडे उद्यापासून होऊ शकतं, त्याला ना संसदेचा कायदा लागतो ना प्रयोग, पेपरच्या टेबलावर बसलेल्या माणसाने ठरवलं की झालं. परत गेले की लिहिणार आहे त्यांना, सगळ्याच पेपरांना. पण 'आमच्याच वाट्याला का' हे आज गाडीत बसल्यावर मनात आलं नाही. मी वाट बघत होते, येईल म्हणून. खिडकीतून कालवे, गाई, काचेची हरितगृहं जात होती, मी ती बघत होते आणि भूक लागली होती.

रात्री दादाला फोन केला. कुठे आहेस, काय खाल्लंस, थंडी आहे का. ब्रेडाचं सांगितलं नाही, पण आजींच्या पेपरचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांचं नाव आलं नसतं तर बरं झालं असतं." म्हणजे तोही तेच म्हणत आलाय इतकी वर्षं, आणि आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही.

त्याची पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. वहिनीला मेसेज केला की तू रजा टाकू नकोस, या वेळी त्याच्याबरोबर कोर्टात मी जाते. लगेच उत्तर आलं: "साडेदहाला पुकारा होतो, ताई. डबा मी देते दोघांचा."