फोनला सोनं लावून देता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नसराई आली की बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या सोनाराच्या दुकानात कुणी ना कुणी फोन काढून पुढं ठेवतोच. निपाणीचा असो नाहीतर खानापूरचा, प्रश्न एकच: "मामा, ह्याला सोनं लावून देता काय?" मोबाईलवर सोन्याच्या, हिऱ्यांच्या फोनांचे व्हिडिओ बघून आलेले असतात.

लावता येतं. पण मुलामा चढतो तो द्रावणात बुडवून, विजेवर, आणि वीज वाहून नेईल अशाच वस्तूवर. तुमच्या महागड्या फोनची पाठ बहुतेक काचेची. म्हणजे उरली कडेची पट्टी. ती अ‍ॅल्युमिनियमची असली तर आधी निकेलसारखा थर द्यायचा, मग सोनं. त्यासाठी फोन पार खोलावा लागतो, बॅटरी वेगळी करावी लागते. हे काम मी घेत नाही.

बरं, एवढं करून सोनं किती? फोनच्या पाठीएवढी, १०० चौरस सेंटिमीटर जागा धरा. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा थर दिला तर ०.१९ ग्रॅम. दीड गुंज! 'चोवीस कॅरेट सोन्याचा फोन' अशी जाहिरात दिसली की आधी थराची जाडी विचारा. मुलाम्याऐवजी बावीस कॅरेटचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा बसवायचा म्हटलं तर ९० ग्रॅमच्या आसपास जातात. वर धातूची पाठ रेंज अडवते, म्हणून तर अ‍ॅल्युमिनियमच्या फोनांना प्लास्टिकच्या फटी ठेवाव्या लागल्या.

खरे जडजवाहिराचे फोनही झाले. गोल्डविश कंपनीचा 'ले मिलियन' अठरा कॅरेट पांढऱ्या सोन्याचा, त्यावर १२० कॅरेट हिरे. २००६ साली किंमत १० लाख युरो, गिनीज बुकात नोंद. मला त्याचं फार कौतुक नाही. हिरे बसवायला जागा मिळाली, बसवले. फोन काय, पानाचा डबा काय.

व्हर्टूचं वेगळं. नोकियानं १९९८ मध्ये काढलेली ही कंपनी इंग्लंडात हातानं फोन जुळवायची. २००२ च्या त्यांच्या फोनात बटणांखाली माणकाचे बेअरिंग होते, जुन्या चावीच्या घड्याळात असतात तसे. स्क्रीनवर नीलमच्या जातीची काच, सहजी ओरखडा न पडणारी. तिथं खडा मिरवत नव्हता, काम करत होता. सोनार म्हणून तिथं मात्र मान डोलते. पण नोकियानं २०१२ मध्ये ती कंपनी विकली आणि २०१७ मध्ये इंग्लंडातला कारखानाच बंद पडला. नाव पुढं दुसऱ्यांनी चालवलं.

आमच्याकडं गिऱ्हाईक दागिना घेतानाच विचारतं, मोडताना काय येईल? पाटल्या चाळीस वर्षांनी आणल्या तरी कस लावून, वजन करून त्या दिवसाच्या भावानं पैसे देतो. फोनची बॅटरी काही वर्षांत उतरते, नेटवर्क बदलतं, आणि मोडीला आला की फक्त धातू मोजायचा. मुलामा असेल तर तेवढंही नाही. घडणावळ आणि नावाचे पैसे गेले ते गेलेच.

तरी हौस असेलच, तर कव्हरवर नावाची चांदीची पट्टी करून घ्या. दोन-तीन ग्रॅममध्ये होते, फोन बदलला की काढून नव्या कव्हरला लावता येते. मजुरी मात्र घेणार. पाहुण्यांकडूनही घेतो.