क्रूझ मधल्या बंदरावर पकडायची असेल तर – माझा अनुभव

बार्सिलोनाहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ, आमचं पाच जणांचं बुकिंग, सासूसासऱ्यांच्या लग्नाचं पन्नासावं वर्ष म्हणून सगळा घाट घातलेला, आणि मुलीच्या प्रवेश परीक्षेची तारीख पुढे सरकून नेमकी बोट सुटायच्या दिवशीच आली. मग ठरलं की नवरा आणि आईबाबा ठरल्याप्रमाणे पुढे जातील, आणि आम्ही दोघी पेपर झाल्यावर निघून रोमजवळच्या चिविताव्हेक्किया बंदरात बोटीत चढायचं.

हे असं करता येतं, पण स्वतःच ठरवून बंदरावर जाऊन उभं राहिलं तर कोणी आत घेणार नाही. बोटीवरच्या प्रवाशांची यादी आधीच बंदराच्या अधिकाऱ्यांकडे जाते, त्यात तुमचं नाव त्या बंदरासमोर असावंच लागतं. आणि काही न कळवता पहिल्या बंदरावर आला नाहीत तर नो-शो (म्हणजे प्रवासी आलाच नाही अशी नोंद) लागतो, मग पुढचं सगळं बुकिंगच रद्द होऊ शकतं. आमच्या एजंटने कंपनीला रीतसर मेल टाकला, आम्हा दोघींची पासपोर्टवरची नावं, बुकिंग नंबर, कुठे चढणार ते. फोनवर लगेच "हो हो, चालेल" म्हणाले, पण मी एजंटच्या मागेच लागले की लेखी द्या, आणि ते मेलवर आल्यावरच पुढच्या कामाला हात घातला. बुडालेल्या रात्रींचे पैसे मात्र परत मिळत नाहीत, ते धरूनच चाला.

आमचं नशीब एवढंच की या कंपनीच्या बोटीत प्रवासी एकाच बंदरावर चढत नाहीत, बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, चिविताव्हेक्किया असे ठिकठिकाणी चढतात, त्यामुळे तिथे चेक-इनचं काउंटर असतंच. सगळे एकाच ठिकाणी चढणारी बोट असेल तर मधल्या बंदरावरच्या कंपनीच्या एजंटचा नंबर आधी मागून घ्या.

खरा घोळ विमानाच्या तिकिटात होता आणि हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. मुंबई-बार्सिलोना-मुंबई असं एकच तिकीट असेल आणि जातानाचं विमान तुम्ही सोडलंत तर एअरलाइन येतानाचं तिकीटही आपोआप रद्द करते. नुसतं रोमचं वेगळं तिकीट काढून भागत नाही. आम्ही जुनं तिकीट बदलून जाताना रोम आणि येताना बार्सिलोना असं करून घेतलं, फरक भरावा लागला, पण परतीची काळजी मिटली.

व्हिसा स्पेनने दिलेला होता आणि आम्ही उतरणार इटलीत. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) सगळ्या शेंगेन देशांत चालतो, तरी रोमच्या इमिग्रेशनवाल्याने विचारलंच. कंपनीचा मेल, क्रूझचं तिकीट, परीक्षेचं हॉल तिकीटसुद्धा फाइलमध्ये वरच ठेवलं होतं, त्याने मेल वाचला आणि शिक्का मारला.

फ्युमिचिनो एअरपोर्टवरून रोम शहरात टेर्मिनी या मुख्य स्टेशनपर्यंत जायची गरज नाही, त्रास्तेवेरे स्टेशनला गाडी बदलली की चिविताव्हेक्कियाची लोकल मिळते. कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का उमटवा, नाहीतर दंड. तिथल्या स्टेशनपासून बंदराजवळच्या लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत बस आणि तिथून बंदराची फुकट शटल बोटीपर्यंत. काउंटरवरच्या मुलीने यादीत नाव बघितलं, फोटो काढला, कार्ड दिलं, झालं. नवऱ्याची केबिन उघडीच होती, आईंनी बेडवर आमच्यासाठी जागा करून ठेवलेली.

पण लगेच झोपू दिलं नाही, आधी सेफ्टी ड्रिल. बरोबरच आहे. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट याच बंदरातून निघाली आणि त्याच रात्री जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली, ३२ माणसं गेली, आणि त्या दिवशी इथे चढलेल्या शेकडो लोकांचं ड्रिलच झालेलं नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी होतं. त्यानंतर नियम बदलला, २०१५ पासून ड्रिल बोट सुटायच्या आधी किंवा सुटताच घ्यावं लागतं. लेक झोपेने पेंगत होती तरी तिला लाइफ जॅकेट कसं बांधायचं, आपलं जमायचं ठिकाण कुठलं हे सगळं नीट बघायला लावलं.

आणि हो, अमेरिकेत हे असंच होईल असं धरू नका. माझी नणंद तिकडे असते, तिला सिएटलहून जाऊन-येऊन असलेल्या अलास्का क्रूझवर अलास्कातल्याच जूनो बंदरात चढायचं होतं. नाही जमत! १८८६ चा कायदा आहे, परदेशी झेंड्याची (म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेली) बोट प्रवाशांना एका अमेरिकन बंदरावर चढवून दुसऱ्यावर उतरवू शकत नाही, नाहीतर कंपनीला दंड, म्हणून कंपनीच नाही म्हणते. व्हँकुव्हर कॅनडात, त्यामुळे तिथून सुटून तिथेच परत येणाऱ्या बोटीला ही अडचण येत नाही. तिने शेवटी तसली बोट शोधली, आणि जूनोला चढायची परवानगी आधी मेलवर घेऊन मगच पैसे भरले.