एका गाडीच्या जागेत

सॅन फ्रान्सिस्कोत आम्ही पाच दिवस होतो. गोल्डन गेट, अल्कट्राझ आणि केबल कारची रांग यांत पहिले तीन गेले. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते व्हॅलेन्सिया स्ट्रीटवरच्या एका बाकाबद्दल.

बरोबर आई होती, वय ७२. क्लॅरिअन अ‍ॅलीतली भित्तिचित्रं बघून बाहेर पडलो आणि चारशे पावलांत तिने गुडघा धरला. "जरा कुठेतरी टेकूया गं." टेकणार कुठे? फूटपाथ रुंद, स्वच्छ, पण खुर्ची दिसली की ती कुणाच्या तरी हॉटेलची. परक्या शहरात म्हाताऱ्या माणसाला घेऊन फिरताना सगळ्यात जास्त शोध कशाचा घ्यावा लागत असेल, तर बसायच्या जागेचा. फुकट बसायच्या जागेचा.

पुढे एका कॅफेसमोर, जिथे गाडी उभी असायला हवी तिथे, लाकडी फळ्यांचा ओटा होता. बाक, दोन टेबलं, कडेने कुंड्या. आई थबकली. "काही न घेता कसं बसायचं? बरं दिसत नाही." मलाही तसंच वाटलं. तेवढ्यात रेलिंगवरची छोटी पाटी दिसली: इथली सगळी आसनं सर्वांसाठी खुली आहेत. मी तिला मराठीत सांगितलं, तरी तिने एकदा कॅफेच्या दाराकडे बघून घेतलं आणि मगच बसली.

आम्ही तिथे पाऊण तास बसलो. ओटा फूटपाथच्या बरोबर पातळीत होता, मध्ये पायरी नाही, त्यामुळे आईला पाय उचलावा लागला नाही. व्हीलचेअरवरची एक बाई तशीच सरळ आत आली. फळ्यांखाली रस्त्याच्या कडेने पाणी वाहून जायला वाट ठेवलेली. गाड्या येतात त्या बाजूला जाड कुंड्या, कोपऱ्यात चमकत्या पट्ट्यांचे खांब. जागा असेल वीस फूट लांब आणि सात-आठ फूट रुंद. आई मोजत होती. "नऊ माणसं बसलीत गं. एका गाडीच्या जागेत!"

याला तिथे पार्कलेट म्हणतात. बसल्याबसल्या मी फोनवर वाचून आईला सांगत गेले. २००५ साली याच शहरात, मिशन स्ट्रीटवर, रीबार नावाच्या डिझाइन स्टुडिओतल्या मंडळींनी पार्किंगच्या मीटरमध्ये दोन तासांचे पैसे टाकले आणि गाडी न लावता तिथे हिरवळ अंथरली, एक बाक आणि एक झाड ठेवलं. वेळ संपल्यावर सगळं गुंडाळून नेलं. आई म्हणाली, "बरोबरच आहे की. भाडं भरलं ना? मग त्या जागेत गाडीच लावायची असं थोडंच आहे?" त्यांचाही मुद्दा नेमका तोच होता. पुढे जगभर सप्टेंबरमध्ये त्याचा दिवस पाळू लागले, आणि २०१० मध्ये शहराच्या रीतसर परवानगीने पहिली पार्कलेट उभी राहिली. खर्च आणि झाडलोट बहुतेक वेळा समोरच्या दुकानाची. जागा मात्र सगळ्यांची.

ही अट मला फार मोठी वाटते. दुकानदाराने पैसे घालायचे आणि तरीही कॉफी न घेणाऱ्याला उठवायचं नाही.

संध्याकाळी नेमकं उलटं घडलं. दुसऱ्या रस्त्यावर तसाच ओटा दिसला. आता आईला धीर आला होता, ती माझ्याआधी जाऊन बसली. दोन मिनिटांत वेटर आला आणि ऑर्डर द्यायची नसेल तर जागा मोकळी करा म्हणाला. आई लगेच उठली. तिला येणाऱ्या मोजक्या इंग्रजी शब्दांतला 'सॉरी' तिने दोनदा म्हटला. मी काही बोलले नाही. तो 'सॉरी' मला अजून टोचतो.

रात्री हॉटेलवर मी नियम शोधून वाचले. २०२० मध्ये कोविडमुळे रेस्टॉरंटांना रस्त्यावर टेबलं मांडायची मुभा मिळाली आणि पुढच्या वर्षी ती कायम झाली. त्यामुळे काही ओटे आता धंद्याचेच आहेत, तिथे टेबलावर गिऱ्हाईक बसवायचा त्यांना हक्क आहे. पण तिथेही लोकांसाठी बाक ठेवावा लागतो. त्या वेटरला तो दाखवता आला असता, आणि मलाही तो कुठे आहे हे विचारता आलं असतं.

शेवटच्या सकाळी आईला न सांगता मी तिथे जाऊन आले. रेस्टॉरंट बंद होतं. ओट्याच्या टोकाला बाक होता, त्यावर पाटीही होती, पण एका मोठ्या कुंडीमागे. मी कुंडी सरकवली. जड होती, दोनदा जोर लावावा लागला.